'सर्व्हर डाऊन' एवढं उत्तर पुरेसं नाही

२०२३ च्या खरिपात पीकविमा भरण्याची शेवटची तारीख ३१ जुलै होती. ती ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. पुढच्या वर्षी १५ जुलैची मुदत ३१ जुलैवर गेली आणि २०२५ मध्ये ३१ जुलैची १४ ऑगस्टवर. मुदतवाढीच्या मागणीत एक कारण हमखास असतं: सर्व्हर डाऊन. बीड जिल्ह्यातलं गेवराई असो, माजलगाव असो की केज, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आपले सरकार सेवा केंद्रांवर हेच दोन शब्द ऐकू येतात. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक आणि पेरणीचं स्वयंघोषणापत्र घेऊन माणसं रांगेत उभी असतात, केंद्रचालक पडद्याकडे बघत बसलेला असतो आणि पडद्यावर गोल फिरत असतं.

सर्व्हर बंद पडला हे कुणी नाकारत नाही. पण तो किती वाजता बंद पडला, किती वेळ बंद राहिला, किती अर्ज अर्ध्यात अडकले आणि चूक नेमकी कोणत्या टोकाला होती, हे मुदतवाढीच्या बातमीत शोधूनही सापडत नाही. वास्तविक हे सगळं नोंदवायची सोय वेबच्या नियमांतच आहे. सरकारी संकेतस्थळांनी ते नियम पाळावेत, आणि पाळण्याची सक्ती सर्व्हरच्या पातळीवरच असावी, ही मागणी आता बीडसारख्या जिल्ह्यातून व्हायला हवी.

वेब चालतं ते एका ठरलेल्या संवादावर. त्याचं नाव एचटीटीपी. केंद्रावरच्या संगणकातला ब्राउझर विनंती पाठवतो, दूरच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर उत्तर देतो. उत्तराच्या पहिल्याच ओळीत तीन अंकी संकेतांक असतो. ब्राउझर तो वाचतो, पण माणसाला दाखवतोच असं नाही. २०० म्हणजे काम झालं. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला. ४०० म्हणजे विनंतीची मांडणी चुकली, ४०४ म्हणजे मागितलेलं इथे नाही, ४२९ म्हणजे फार घाईघाईने पुन्हा पुन्हा विचारणा होते आहे. ५०० म्हणजे सर्व्हरच्या आत काही मोडलं, ५०३ म्हणजे सेवा सध्या देता येत नाही. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेब उभं केलं तेव्हा, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत हे आकडे नव्हते. १९९६ मध्ये एचटीटीपी १.० ची लेखी नोंद झाली, त्यात ४२९ सोडून बाकीचे आहेत. आज लागू असलेला दस्तऐवज जून २०२२ चा, आरएफसी ९११० या क्रमांकाचा.

या संकेतांकाचा पहिला अंक सगळ्यात महत्त्वाचा. ४ ने सुरू होणारा आकडा सांगतो की चूक मागणाऱ्याकडे आहे. ५ ने सुरू होणारा सांगतो की चूक सर्व्हरकडे आहे. शेतकऱ्याचा सगळा प्रश्न या एका अंकात सामावलेला आहे. अर्ज गेला नाही, तो त्याने चुकीचा भरला म्हणून, की पलीकडच्या यंत्रणेला भार झेपला नाही म्हणून? पहिल्या वेळी दुरुस्ती त्याने करायची, दुसऱ्या वेळी सरकारने. हे न कळता माणूस घरी परतला, तर दोष आपलाच असं तो धरून चालतो. खेड्यापाड्यांत हे फार होतं.

अडचण अशी की संकेतस्थळं बनवणाऱ्यांमध्ये एक वाईट सवय जगभर रुजली आहे. आत काहीही बिघडलं तरी वरून २०० पाठवायचं आणि पानावर 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असं लिहायचं. गुगलच्या शोधयंत्रालाही याचा त्रास झाला. पान नसतानाही २०० सांगणाऱ्या या प्रकाराला तिथे 'सॉफ्ट ४०४' असं नाव देऊन तो वेगळा ओळखावा लागतो. माणूस पानावरचा मजकूर वाचून काय ते समजून घेतो. सेवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा मात्र आकडे मोजते. तिच्या तक्त्यात दिवसभर २०० दिसतात आणि महिन्याच्या अहवालात सेवा अखंड चालू होती असं लिहिलं जातं. कंत्राटातली उपलब्धतेची टक्केवारी अशा मोजणीवर ठरत असेल, तर रांगेतल्या माणसाचा वाया गेलेला दिवस त्या हिशेबात येतच नाही.

खरा संकेतांक मिळाला तर काय बदलेल? ५०३ सोबत 'रिट्राय-आफ्टर' नावाची एक ओळ पाठवता येते. इतक्या सेकंदांनी किंवा अमुक वाजता परत या, असं तिच्यात लिहिलेलं असतं. शिरूर कासारजवळच्या एखाद्या वस्तीवरून दुचाकीवर आलेल्या माणसाला दोन तासांनी या, एवढं कळलं तरी तो बाजार उरकून येईल. आज तो संध्याकाळपर्यंत बसून राहतो, कारण साईट कधीही चालू होईल असं त्याला सांगितलं जातं. केंद्रचालकांचंही काही चुकत नाही. हातात दुसरं काही नसल्याने ते दर मिनिटाला पान ताजं करत राहतात. राज्यभरातली हजारो केंद्रं हेच करतात आणि आधीच दमलेल्या सर्व्हरवरचा भार आणखी वाढतो.

बीडमध्ये या गोष्टीला वजन आहे ते तारखांमुळे. पीकविम्याच्या एका पद्धतीला याच जिल्ह्याचं नाव मिळालं. २०२० च्या खरिपात इथे राबवलेल्या 'बीड पॅटर्न'मध्ये विमा कंपनीची जबाबदारी जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत मर्यादित केली होती. भरपाई ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेली रक्कम राज्याला परत करायची, अशी त्याची रचना. २०२२ मध्ये तो राज्यभर गेला. २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला, आणि २०२५ मध्ये ती सवलत बंद होऊन हप्त्याचा वाटा पुन्हा शेतकऱ्याकडे आला. योजनेचं रूप बदलत राहिलं, पण प्रत्येक रूपात ती एका संकेतस्थळावर आणि एका शेवटच्या तारखेवर टेकलेली राहिली. एक रुपयाच्या काळात तर पिकाचं नुकसान झालं की ७२ तासांच्या आत त्याची सूचना द्यायची अट होती. अतिवृष्टीनंतर शेतात पाणी, गावात वीज नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि ७२ तासांचं घड्याळ मात्र चालू. अशा वेळी सर्व्हरने ५०३ सांगितलं होतं, ही नोंद म्हणजे शेतकऱ्याच्या बाजूचा पुरावा ठरू शकते. २०० सांगितलं असेल, तर त्याच्याकडे दाखवायला काहीच उरत नाही.

दुसरं उदाहरण महिलांचं. 'माझी लाडकी बहीण' योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली, १८ नोव्हेंबरची मुदत होती, ती पुढे ३१ डिसेंबर झाली. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी यायचा, तोही एकदा स्वतःच्या आणि एकदा पतीच्या किंवा वडिलांच्या क्रमांकावर. बीड जिल्ह्यातल्या हजारो ऊसतोड कुटुंबांचा मुक्काम नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गावात नसतो. तो कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतो. पहाटेपासून कोयता चालवणाऱ्या बाईला पुन्हा प्रयत्न करा, हे सांगणं फार महागात पडतं. तिला मिळणारा मोकळा वेळ रात्रीचा, आणि तोही मोबाइलमध्ये चार्जिंग असेल तर.

कायदाही इथे आडवा येतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ चा. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत दिली नाही, तर जबाबदार अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण ते दिवस मोजायला सुरुवात होते अर्ज मिळाल्यापासून. तहसील कचेरीत कागद दिला तर आवक रजिस्टरात नोंद होते आणि शिक्क्याची पोच मिळते; कारकुनाने कागद घ्यायला नकार दिला तर तेही चार लोकांसमोर घडतं. ऑनलाइन अर्ज सर्व्हरपर्यंत पोचून आत हरवला, तर त्याला ना आवक क्रमांक असतो ना नकार. कायद्याचं घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून प्रत्येक विनंतीला सर्व्हरने एक क्रमांक द्यावा आणि ती अयशस्वी झाली तरी तो क्रमांक पडद्यावर दिसावा. तंत्रज्ञांसाठी हे अवघड काम नाही. मोठ्या बँका आणि खरेदीची संकेतस्थळं अनेक वर्षांपासून हे करत आली आहेत.

नियम पाळण्याचा अर्थ संकेतांकापुरता नाही. विनंतीच्या प्रकारांनाही अर्थ ठरलेला आहे. 'गेट' म्हणजे माहिती मागणं. तिने सर्व्हरवरच्या नोंदी बदलता कामा नयेत. बदल करायचा तर 'पोस्ट'सारखा वेगळा प्रकार आहे. हा भेद पुस्तकी वाटतो, पण २००५ च्या मे महिन्यात त्याची किंमत अनेकांनी मोजली. गुगलने 'वेब ॲक्सेलरेटर' नावाचं साधन आणलं होतं. पानावरचे दुवे ते आधीच उघडून ठेवायचं, म्हणजे पुढचं पान लवकर दिसावं. नियमानुसार दुवा उघडणं निर्धोक असायला हवं. पण बऱ्याच संकेतस्थळांनी 'काढून टाका' हेसुद्धा साध्या दुव्यावर ठेवलं होतं. साधनाने ते दुवेही इमानदारीने उघडले आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. चूक साधनाची की संकेतस्थळांची, यावर तेव्हा मोठा वाद झाला. नियमाच्या बाजूने पाहिलं तर साधन बरोबर होतं.

'पोस्ट'चीही एक मेख आहे. तीच विनंती दोनदा गेली तर काम दोनदा होऊ शकतं. गोल फिरत राहिलं की माणूस बटण पुन्हा दाबतो. पलीकडे दोन अर्ज तयार होतात, किंवा पैसे दोनदा कापले जातात, आणि मग 'दुबार अर्ज' म्हणून दोन्हींची छाननी लांबते. यावर उपाय माहीत आहे: प्रत्येक अर्जाला आधीच एक ओळखक्रमांक देऊन ठेवायचा, म्हणजे तोच अर्ज दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर पहिलंच उत्तर परत पाठवतो. ही जबाबदारी बटण दाबणाऱ्याच्या संयमावर सोडून देणं अन्यायाचं आहे.

मग हे नियम इतके ढिले का राहिले? इंटरनेटच्या जडणघडणीतच त्याचं उत्तर आहे. इंटरनेटच्या सुरुवातीच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये एक तत्त्व मांडलं: आपण पाठवताना काटेकोर राहावं, दुसऱ्याचं स्वीकारताना उदार असावं. वेगवेगळ्या विद्यापीठांतली वेगवेगळी यंत्रं जोडायची होती, तेव्हा या उदारपणामुळेच जाळं उभं राहिलं. त्याचं ऋण मानायलाच हवं. पण पुढे प्रत्येक सर्व्हर आपापल्या परीने उदार झाला, आणि चुकीच्या विनंतीचा अर्थ दोन सर्व्हर दोन प्रकारे लावू लागले. जून २०२३ च्या आरएफसी ९४१३ मध्ये त्या तत्त्वाचा फेरविचार झाला आहे. चुका मुकाट्याने पोटात घालत राहिलं तर प्रोटोकॉल हळूहळू सडतो, असा त्यातला युक्तिवाद आहे.

दोन सर्व्हरचं एकमत नसण्यातून थेट चोरीची वाट निघते. मोठ्या संकेतस्थळावर पुढे एक सर्व्हर वाटप करतो आणि मागे दुसरे काम करतात. विनंती कुठे संपते हे सांगण्याचे दोन मार्ग आहेत. एकाच विनंतीत दोन्ही घातले आणि पुढच्याने एक मानला, मागच्याने दुसरा, तर उरलेला तुकडा नंतर आलेल्या माणसाच्या विनंतीला चिकटतो. एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर जातं. हा धोका २००५ मध्येच लिहून ठेवला गेला होता. २०१९ मध्ये जेम्स केटल या संशोधकाने तो नव्याने दाखवला. पेपॅलच्या लॉगिन पानापर्यंत पोचता येत होतं, आणि पेपॅलने दोष दुरुस्त करून त्यांना बक्षीस दिलं. आधार, बँक खातं आणि गट क्रमांक एकाच अर्जात भरून घेणाऱ्या यंत्रणांनी हे प्रकरण मुळातून वाचायला हवं.

चांगली बातमी अशी की सक्तीची साधनं तयार आहेत आणि फुकट आहेत. अपाची या सर्व्हरने डिसेंबर २०१६ च्या २.४.२५ आवृत्तीत काटेकोर वागणं हाच मूळ स्वभाव केला. ढिलं वागायचं असेल तर प्रशासकाला 'अनसेफ' हा शब्द स्वतः लिहावा लागतो. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हरने जुलै २०२१ पासून शेवट सांगण्याचे दोन्ही मार्ग एकत्र वापरणारी विनंती सरळ नाकारायला सुरुवात केली. मॉडसिक्युरिटीसारख्या पहारेकऱ्यासाठी ओवास्प संस्थेचा जो नियमसंच आहे, त्यात प्रोटोकॉल पाळला जातो का हे तपासणारं स्वतंत्र प्रकरणच आहे. लिहिणाऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून न राहता दारातच नियम लावण्याची ही पद्धत सरकारी कामाला अगदी योग्य आहे, कारण तिथे कंत्राटदार बदलतात, माणसं बदलतात आणि जुना कोड कुणी लिहिला हे सांगणारं मागे कुणी राहत नाही.

मात्र सक्ती डोळे उघडे ठेवून करावी लागेल. मराठीचं उदाहरण घ्या. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह संगणकात तीन बाइटांत साठतं आणि वेबच्या पत्त्यात लिहिताना त्याची नऊ अक्षरं होतात. 'बीड' या छोट्या नावाची २७ होतात, 'अंबाजोगाई'ची ८१. एचटीटीपीच्या नियमांनुसार हे पूर्णपणे वैध आहे. पण पत्त्याच्या लांबीवर कुणी घाईने मर्यादा घातली, तर गाव, तालुका आणि शेतकऱ्याचं पूर्ण नाव मराठीत टाकणारा शोध ४१४ म्हणजे 'पत्ता फार लांब' म्हणून परत येईल, आणि तोच शोध इंग्रजीत चालेल. ओवास्पच्या नियमसंचात कडकपणाच्या चार पातळ्या आहेत. तिसऱ्या पातळीवरचा एक नियम इंग्रजी छापील अक्षरांबाहेरचं काहीही संशयास्पद मानतो. मुंबई-पुण्यात बसून कुणी सुरक्षेच्या नावाखाली ती पातळी जशीच्या तशी लावली, तर मराठीत भरलेला अर्जच हल्ला ठरेल. ही एचटीटीपीची अट नाही. ती एका भाषेपुरता विचार करून केलेली रचना आहे. नियम लावणाऱ्याने मराठीत भरलेला अर्ज आधी चालवून पाहावा, मगच कुलूप घालावं.

जुन्या यंत्रांचाही विचार हवा. ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'लेट्स एनक्रिप्ट'च्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि अद्ययावत न झालेल्या अनेक यंत्रांवर संकेतस्थळं उघडेनाशी झाली. खेड्यातल्या केंद्रांत आणि घराघरांत जुने संगणक, जुने मोबाइल आहेत. ज्या दिवशी सक्ती वाढवायची, त्याच्या कितीतरी आधी केंद्रांना कळवावं लागेल, आणि ते कळवणं मराठीतून व्हावं.

अंमलबजावणी कुठून सुरू करायची याचं उत्तर बीडमध्ये आधीच आहे. जिल्ह्याचं संकेतस्थळ एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या एस३वास या सामायिक व्यासपीठावर चालतं. देशातल्या बहुतेक जिल्ह्यांची संकेतस्थळं तिथेच आहेत. एका ठिकाणी धोरण बदललं की शेकडो जिल्ह्यांत ते पोचतं. भारत सरकारची संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २००९ मध्ये आली, तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. सुगम्यता, दर्जा आणि सुरक्षा यांवर त्यांचा भर आहे; त्याच जोडीला संकेतांकाचा खरेपणा ही तपासणीची अट व्हावी. पीकविमा, ई-केवायसी, महाडीबीटी यांसारख्या मुदतीच्या सेवांच्या निविदांत ती आधी यावी. शेवटच्या आठवड्यात रोज किती विनंत्यांना ५ ने सुरू होणारं उत्तर गेलं, हा आकडा जिल्हावार जाहीर व्हावा, आणि तो ठरावीक मर्यादेपुढे गेला की मुदत आपोआप वाढावी. आज मुदतवाढीसाठी मंत्र्यांना दिल्लीशी पत्रव्यवहार करावा लागतो आणि निर्णय शेवटच्या संध्याकाळी येतो. तोवर अनेकांनी आशा सोडलेली असते.

नोंदींचा मुद्दा पुढचा आणि बीडसाठी दुहेरी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत आणि सर्व्हरची घड्याळं राष्ट्रीय वेळेशी जुळवायची आहेत. घड्याळाची अट मोलाची आहे, कारण ३१ जुलैच्या मध्यरात्री एका मिनिटाने अर्ज आत की बाहेर हे ठरतं. पण १८० दिवस खरिपाला अपुरे पडतात. ३१ जुलैची नोंद २७ जानेवारीपर्यंत राहील. विम्याच्या तक्रारी आणि सुनावण्या त्यानंतरही चालू असतात. शिवाय गायरान आणि सरकारी जमिनींवर, दुसऱ्याच्या शेतावर परस्पर विमा उतरवल्याची प्रकरणं याच जिल्ह्यात गाजली. कोणत्या केंद्रावरून, किती वाजता, किती वेगाने असे अर्ज आले, हे त्याच नोंदी सांगतात. खरा शेतकरी वाचवायला आणि बोगस अर्ज पकडायला लागणारा पुरावा एकच आहे. त्यामुळे मुदतीच्या सेवांच्या सर्व्हर-नोंदी त्या हंगामाची शेवटची तक्रार निकाली निघेपर्यंत जपाव्यात, आणि अर्जदाराने आपला विनंती क्रमांक देऊन मागितल्यास त्याच्यापुरती नोंद त्याला मराठीत, लेखी मिळावी. येत्या खरिपाचं पोर्टल उघडण्याआधी कृषी विभागाने एवढी तरतूद शासन निर्णयात करून घ्यावी.